गावची जमीन, तालुक्याचे कोर्ट आणि वकिलाची पहिली भेट

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची बातमी बहुतेकांनी वाचली असेल. वकिलाच्या कामात उणीव राहिली म्हणून अशिलाला ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. बातमी वाचून अनेकांच्या मनात आले की आता अशिलाला वालीच उरला नाही. पण या निकालामागचा युक्तिवाद बातमीइतका वाचला गेला नाही, आणि माझ्या मते सामान्य माणसाच्या कामाचा भाग तोच आहे. वकील स्वतःच्या मर्जीने अशिलाच्या वतीने कबुली देऊ शकत नाही, तडजोड करू शकत नाही, अशिलाच्या सूचनांबाहेर जाऊ शकत नाही. म्हणजे या कामावर बऱ्याच अंशी नियंत्रण अशिलाचे असते, आणि म्हणून ही सेवा ग्राहक कायद्यातून वगळलेल्या ‘वैयक्तिक सेवे’च्या करारात मोडते, असे न्यायालयाचे म्हणणे आहे.

कायद्याने ज्याला नियंत्रक मानले, तो अशील प्रत्यक्षात वकिलाच्या ऑफिसात कसा बसलेला असतो, हे तालुक्याच्या कुठल्याही कोर्टाजवळ पाहायला मिळते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी मोडलेले कागद, बोलायला मध्यस्थ म्हणून आलेला कुणी पाहुणा, आणि ‘साहेब, तुम्हीच काय ते बघा’ हे एकच वाक्य. हे नियंत्रण प्रत्यक्षात हाती घेण्याची जागा म्हणजे पहिली भेट, आणि त्या भेटीची तयारी ती ठरण्याच्या आधी घरी करावी लागते. ती कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून एक कल्पित, पण घरोघरी ओळखीचे उदाहरण घेऊ. एक बाई ठाण्यात राहतात. माहेरची शेतजमीन जुन्नर तालुक्यात आहे. वडील वारले, वर्षश्राद्धाच्या सुमारास भावाने ‘वारसनोंदीसाठी सह्या लागतात’ म्हणून तालुक्याला नेले आणि त्यांनी सह्या केल्या. गेल्या दिवाळीत मुलाने सहज मोबाइलवर सातबारा काढला, तेव्हा त्यावर आईचे नावच नव्हते. फेरफारात, म्हणजे नावातल्या बदलाच्या महसुली नोंदीत, मात्र ‘हक्कसोडपत्रान्वये’ असा शेरा होता.

वकील तालुक्याचाच का लागतो

पहिला प्रश्न हा की दावा ठाण्यात का लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ नुसार स्थावर मिळकतीचा ताबा, वाटप किंवा तिच्यावरील हक्क यांचा दावा जिथे ती मिळकत आहे, तिथल्या न्यायालयात चालतो. माणसे कुठेही राहोत, जमीन जागची हलत नाही आणि दावाही तिच्यामागेच जातो. म्हणून या बाईंना जुन्नरच्या कोर्टात काम करणारा वकील लागेल. पुण्या-मुंबईच्या वकिलाला तिथे उभे राहायला कायद्याची आडकाठी नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेला वकील कोणत्याही न्यायालयात काम चालवू शकतो. अडचण व्यवहाराची आहे. दिवाणी दाव्यात वर्षाकाठी अनेक तारखा पडतात, त्यांतल्या कित्येक तारखांना पाच मिनिटांचे काम असते, आणि त्या पाच मिनिटांसाठी दर वेळी कुणी शहरातून येणार नाही. मग त्या तारखेला कुणीतरी भलताच वकील उभा राहून पुढची तारीख मागतो.

याशिवाय तालुक्याच्या वकिलाला ज्या गोष्टी सवयीने ठाऊक असतात, त्या पुस्तकात नसतात. नदीचा उतार कुठे आहे हे काठावरच्या माणसाला विचारावे लागते, तसेच हे आहे. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोणत्या गावाचे कोणत्या सालापासून शाबूत आहेत, मोजणीचा अर्ज केला तर नकाशा हाती यायला किती दिवस जातात, गावाकडे समन्स बजावायला बेलिफ कधी जातो, या गोष्टींवर दाव्याची गती ठरते. महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा पातळीवरील न्यायालयांत मराठी ही न्यायालयीन भाषा आहे, ही आणखी एक जमेची बाजू. आपला दावा, समोरच्याची कैफियत (म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर) आणि साक्षीचा कागद अशील स्वतः वाचू शकतो, आणि त्याने तो वाचलाच पाहिजे.

एकाच वादात तीन मुदती

वकिलाकडे कधी जावे, याचे उत्तर बहुतेक जण ‘भावाशी बोलणे फिसकटल्यावर’ असे देतात. ते उत्तर धोक्याचे आहे, कारण कायद्यात ‘मुदत’ नावाची गोष्ट असते. हक्क खरा असूनही ठरलेल्या काळात दाद मागितली नाही, तर न्यायालय ती ऐकूनच घेत नाही. शेवटची एसटी चुकल्यावर हातातल्या तिकिटाचा उपयोग होत नाही, तसेच हे.

आपल्या उदाहरणात मुदत एक नाही. फेरफार नोंद मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केली असेल, तर तिच्याविरुद्ध प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करण्याची मुदत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार ६० दिवसांची आहे. उशीर झाला असेल तर त्याचे समाधानकारक कारण देऊन तो माफ करून घ्यावा लागतो. फसवून करून घेतलेला दस्त रद्द करून मागायचा, तर मुदत कायदा १९६३ प्रमाणे तीन वर्षे, आणि ती मोजायची दस्त रद्द करवण्याजोगी वस्तुस्थिती पहिल्यांदा कळली त्या दिवसापासून. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले म्हणून हिस्सा मागायचा, तर वगळल्याचे कळल्यापासून बारा वर्षे. म्हणजे मुलाने मोबाइलवर सातबारा उघडला तो दिवस ही आता घरगुती आठवण राहिलेली नाही. दोन मुदती कदाचित त्याच दिवसापासून मोजल्या जातील, आणि समोरचा वकील उलटतपासणीत नेमका हाच प्रश्न घोळवेल की ‘तुम्हांला हे खरे तर आधीपासून ठाऊक होते ना?’

कोणती मुदत लागू होते हे अशिलाने ठरवायचे नाही. ते वकिलाचे काम आहे. पण ज्या तारखांवर तो हे ठरवणार, त्या अशिलाखेरीज कुणाकडेच नसतात.

उलट बाजूने विचार केला, म्हणजे आपल्यालाच समन्स आले असेल, तर घाई आणखी मोठी. समन्स बजावल्यापासून कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. समन्स घेतलेच नाही की बला टळली, हा समज फार जुना आणि फार महागात पडणारा आहे. न स्वीकारलेले समन्सही बजावले गेल्याचे न्यायालय मानू शकते आणि दावा एकतर्फा पुढे जाऊ शकतो.

वकील शोधायचा कुठे

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. २००८ पासून त्यांना संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि कामाचे क्षेत्र एवढी माहिती देता येते. त्यामुळे ‘शंभर टक्के निकालाची हमी’ अशी पाटी किंवा चित्रफीत दिसली, तर तिथून लांब राहावे. वकिली करायला राज्याच्या बार कौन्सिलची सनद लागते. आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे. सनदेचा क्रमांक विचारण्यात अपमान नाही.

माझ्या मते वकील निवडण्याची सर्वांत चांगली पद्धत फुकट आहे आणि ती जवळजवळ कुणीच वापरत नाही. न्यायालयाचे कामकाज साधारणपणे खुले असते. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन दोन तास बसावे. पुकारा झाल्यावर कोणता वकील कागद लावून तयार उभा आहे, कोण न्यायाधीशांच्या प्रश्नाला नेमके उत्तर देतो, कोण दर वेळी फक्त तारीख मागतो, साक्षीदाराशी कोण कसा बोलतो, हे कायदा न शिकलेल्या माणसालाही दिसते. तिथे दोन नावे मनात धरावीत आणि मग गावात, सोसायटीत, पतसंस्थेत, ज्यांची कामे पूर्वी झाली आहेत त्यांच्याकडे त्या नावांची चौकशी करावी. एक भेद मात्र लक्षात ठेवावा. फौजदारीत नावाजलेला वकील वाटपाच्या दाव्यात तितकाच मुरलेला असेल असे नाही, आणि प्रांताकडची महसुली अपिले चालवणारे वकील पुष्कळदा वेगळेच असतात. आपल्या उदाहरणात दोन्ही ठिकाणचे काम आहे, म्हणून ‘दोन्ही तुम्हीच पाहाल का?’ हे सुरुवातीलाच विचारायला हवे.

भेटीआधीचे घरचे काम

वकिलाला सर्वांत जास्त उपयोग कशाचा होतो? मोठ्या फायलीचा नाही, तर एका कागदाचा. त्या कागदावर तारीखवार काय घडले ते लिहिलेले असावे: वडील कधी वारले, जमीन त्यांच्याकडे आजोबांकडून आली की त्यांनी स्वतः विकत घेतली, सह्या कधी व कुठे केल्या, त्या दिवशी बरोबर कोण होते, कागद कुणी वाचून दाखवला का, पैसे दिले-घेतले का, सातबारा कधी पाहिला, भावाशी त्यावर काय बोलणे झाले. जी तारीख नक्की आठवत नाही, तिथे ‘अंदाजे’ असे लिहावे. चुकीची तारीख ठामपणे सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरे, कारण आज उगाच ठामपणे सांगितलेली तारीख उद्या दाव्यात छापली जाते आणि परवा खोटी ठरते.

या टिपणाच्या मागच्या बाजूला वंशावळ काढावी. आजोबांपासून खाली सगळे, वारलेले, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, दत्तक गेलेला भाऊ, सगळ्यांची नावे, हयात असल्यास पत्ते आणि नसल्यास मृत्यूची सालेही. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदाराला सामील करावे लागते; एक आत्या राहून गेली म्हणून दावा वर्षानुवर्षे अडल्याची तक्रार कोर्टाच्या आवारात हमखास ऐकू येते.

आता कागद. ‘सगळे कागद घेऊन या’ असे सांगितले की माणूस गोंधळतो, म्हणून प्रत्येक कागद काय सांगतो हे समजून घ्यावे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा: सातवर कब्जेदारांची नावे आणि क्षेत्र असते, बारावर पिके. आठ-अ उताऱ्यावर एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते कळते. फेरफार म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद. सातबाऱ्यावरचे नाव कधी आणि कशाच्या आधारे बदलले याची कथा तिच्यात असते. म्हणून जमिनीच्या वादात आजच्या सातबाऱ्यापेक्षा जुन्या फेरफारांची साखळी जास्त बोलते. डिजिटल सहीचा सातबारा महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार मात्र पुष्कळदा तहसीलमधूनच काढावे लागतात. हक्कसोडपत्र खरोखर नोंदवले गेले का, हे दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून, म्हणजे लोक ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यावरून कळते, आणि तिथूनच मूळ दस्ताची नक्कल मागता येते.

ही एक नक्कल आपल्या उदाहरणाचे सारे चित्र पालटू शकते. स्थावर मिळकतीतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीकृत दस्त असेल तर तो फसवणुकीने करून घेतला हे सिद्ध करण्याचा भार बाईंवर येईल. दस्त नसून तलाठ्यापुढचा एखादा साधा जबाबच असेल, तर त्या जबाबाचे कायद्यात वजन किती, हा पहिल्या भेटीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरेल. नाव उतरले म्हणजे हक्क गेला, असे लगेच मानायचे कारण नाही. महसुली नोंद मुख्यतः सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते आणि तिने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. शाळेच्या हजेरीपटावरून नाव गळले म्हणून मुलाचा दाखला रद्द होत नाही, पण ते गळलेलेच राहू दिले तर परीक्षेच्या वेळी धावपळ होते. मुलीचा हक्कही आता पुरेसा स्पष्ट आहे: हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

कागदांच्या दोन झेरॉक्स कराव्यात आणि त्या तारखेच्या क्रमाने लावाव्यात. मूळ कागद दाखवायला न्यावेत, पण ठेवून येऊ नयेत. ठेवावेच लागले तर यादी करून तिच्यावर पोच घ्यावी. नोटीस आली असेल तर तिचे पाकीट जपावे, कारण टपालाचा शिक्का नोटीस केव्हा मिळाली हे सांगतो. भावाशी मोबाइलवर झालेले बोलणे, संदेश, ध्वनिफिती काहीही पुसू नये आणि फोनही बदलू नये. अशा पुराव्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेले केव्हाही बरे.

आपल्या विरुद्धची गोष्टही सांगायची का?

आता उदाहरणातली एक गोष्ट, जी मी मुद्दाम मागे ठेवली होती. सह्यांनंतर काही महिन्यांनी बाईंच्या मुलीच्या लग्नात भावाने दोन लाख रुपये दिले होते. त्यांच्या दृष्टीने तो मामाचा आहेर होता. वकिलाला हे सांगावे का? घरचे म्हणतील, कशाला सांगायचे, उगाच आपली बाजू लंगडी होईल.

सांगावेच, आणि पहिल्या दहा मिनिटांत सांगावे. भावाला ते दोन लाख आठवत असणारच, आणि त्याचा वकील कैफियतीत ‘हिश्श्याचा मोबदला घेऊन हक्क सोडला’ असे लिहिणारच. ही गोष्ट आपल्या वकिलाला तेव्हा कळली, तर दावा आधीच दाखल झालेला असतो आणि त्यात आहेराचा उल्लेख नसतो. मग तो मागाहून सांगितलेला बचाव वाटतो. तीच गोष्ट आधी कळली, तर रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यातून आली, लग्नपत्रिका कुठे आहे, आहेराच्या वहीत नोंद आहे का, हे सारे आधीच जमवता येते.

वकील हे दुसऱ्याला सांगेल ही भीतीही अनाठायी आहे. अशिलाने कामासाठी सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास वकिलाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने मनाई आहे, आणि काम संपल्यावरही ती मनाई टिकते. बेकायदा कृत्य पुढे नेण्यासाठी केलेले बोलणे, किंवा काम हाती घेतल्यानंतर वकिलाच्या ध्यानात आलेला गुन्हा वा फसवणूक, याला हे संरक्षण नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाला आणखी बळ दिले: या कलमाच्या अपवादांत प्रकरण बसत असल्याखेरीज तपास अधिकाऱ्याने अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलालाच समन्स पाठवू नये. ही गुप्तता अशील आणि वकील यांच्यातली आहे. सोबत चार नातेवाईक बसवले की तिला भोके पडतात. बरोबर एखाद्या विश्वासू माणसाला न्यावे, पण बोलायचे मात्र जिचा हक्क आहे तिने. नवऱ्याने किंवा मुलाने सांगितलेली हकीकत साक्षीच्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण पिंजऱ्यात त्यांना नव्हे, बाईंना उभे राहायचे असते.

फीबद्दल कसे बोलावे

मराठी माणसाला फीचा विषय काढताना संकोच वाटतो, आणि पुढची बहुतेक भांडणे त्या संकोचातून उगवतात. सल्ल्याची फी किती, ही चौकशी भेटीची वेळ ठरवतानाच करावी. काम द्यायचे ठरले की तीन गोष्टी वेगळ्या करून विचाराव्यात: वकिलाची स्वतःची फी, सरकारजमा होणारी कोर्ट फी, आणि नकला, टायपिंग, समन्सचा भत्ता, मोजणी असा बाहेरचा खर्च. फी एकरकमी आहे, टप्प्याटप्प्याने आहे की तारखेगणिक, आणि तिच्यात मनाई हुकमाचा अर्ज व अपील धरले आहे का, हेही लगेच स्पष्ट व्हावे. स्त्री पक्षकारांना महाराष्ट्रात काही प्रकारच्या दाव्यांत कोर्ट फी माफ असते. आपला दावा त्यात बसतो का, हे विचारायला विसरू नये. जे ठरेल ते एका कागदावर लिहून घ्यावे, पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत आणि पावती घ्यावी. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणे हे वकिलावर नियमानेच बंधन आहे.

‘आता काही देऊ नका, जमीन मिळाली की त्यातला चौथा हिस्सा माझा’ असा प्रस्ताव आला, तर तो सोयीचा वाटला तरी स्वीकारू नये. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा वादातल्या मिळकतीत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. असे करणारा वकील पहिल्याच दिवशी नियम मोडतो आहे.

वकीलपत्र म्हणजे नेमके काय

वकीलपत्र म्हणजे ‘या दाव्यात माझ्या वतीने हे वकील काम चालवतील’ असे अशिलाने सही करून न्यायालयाला दिलेले लेखी अधिकारपत्र. सल्ला घेण्यासाठी त्याची गरज नसते. म्हणून पहिल्या भेटीत त्यावर सही करायचीच असे नाही, आणि दोन वकिलांना भेटून मग ठरवण्यात गैर काही नाही. सही करण्यापूर्वी ते वाचावे. त्यात तडजोड करण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचा अधिकारही छापील मजकुरात असू शकतो. तो द्यायचा नसेल तर तसे सांगून ती ओळ खोडून घ्यावी. घराची किल्ली शेजाऱ्याकडे देताना कपाटाची किल्ली वेगळी काढून ठेवावी, तसे हे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपपेपरवर किंवा अर्धवट भरलेल्या प्रतिज्ञापत्रावर सही मात्र कुणीही मागितली तरी करू नये. आपल्या उदाहरणातला सारा वाद न वाचता केलेल्या सहीतूनच उभा राहिला आहे.

‘गावातला वकील भावाच्या ओळखीचा निघाला तर?’

ही शंका खरी आहे आणि तिला हसून उडवू नये. लहान तालुक्यात सगळे एकमेकांना ओळखतात. बार रूममध्ये दोन्ही बाजूंचे वकील एकाच टेबलावर चहा पितात. पण ओळख असणे आणि हितसंबंध असणे यांत फरक आहे. एखाद्या वादात एका बाजूला सल्ला दिलेला वकील त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभा राहू शकत नाही, असा नियम आहे. म्हणून भेटीच्या सुरुवातीलाच, हकीकत सांगण्यापूर्वी, फक्त गावाचे आणि भावाचे नाव सांगून विचारावे: ‘या जमिनीबद्दल समोरची बाजू तुमच्याकडे येऊन गेली आहे का? त्यांची कामे तुम्ही पाहता का?’ उत्तर होय असेल तर नमस्कार करून उठावे. हक्कसोडपत्र ज्यांनी लिहून दिले, त्या वकिलाकडे तर मुळीच जाऊ नये. उद्या त्यांनाच साक्षीला बोलवावे लागेल. इतके करूनही मन साशंक राहिले, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा, पण त्या कोर्टात नियमित जाणारा वकील पाहावा.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क ज्यांना आहे, त्यांत स्त्रिया आणि मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती यांचा समावेश आहे, आणि या गटांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, जिचे कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बाई, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट असला तरी, कायद्याने या मदतीला पात्र आहेत. मोफत वकील म्हणजे दुय्यम वकील असे समजू नये. त्यांच्याकडे जातानाही तयारी हीच आणि प्रश्नही हेच.

परदेशात असाल किंवा जमीन गोव्यात असेल तर

परदेशी राहणारे अनेक जण गावच्या चुलतभावाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, देतात आणि वकील नेमल्यासारखे निर्धास्त होतात. मुखत्यार वकील नव्हे. तो कागदांवर सह्या करू शकतो, वकील नेमू शकतो; पण जी गोष्ट केवळ मालकाच्या माहितीतली आहे, तिची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणून पहिली भेट मुखत्याराने न करता स्वतः व्हिडिओ कॉलवर करावी आणि टिपण आधी पाठवावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

गोव्यातल्या मिळकतीसाठी गोव्याचाच वकील हवा, आणि तिथे कारण केवळ अंतराचे नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेला समान नागरी कायदा आहे. लग्नानंतर पती-पत्नीची मिळकत सामाईक मानण्याची रीत, वारसांच्या वाटपासाठी ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही आणि त्यासाठीचा २०१२ चा वेगळा कायदा हे सारे सिंधुदुर्गातल्या निष्णात वकिलालाही परके असू शकते.

काम नीट झाले नाही तर

ग्राहक आयोगाचा मार्ग बंद असला तरी वाटा आहेत. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते. शिस्तपालन समिती ताकीद देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत कारवाई करू शकते. वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची ना हरकत घ्यावी, आणि ती मिळाली नाही तर न्यायालयाची परवानगी मागावी. फी थकली म्हणून वकील अशिलाचे कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले आहे. पण केवळ दावा हरला म्हणजे गैरवर्तन होत नाही, आणि तारखा पडतात त्याला दर वेळी वकीलच कारण नसतो.

तो कारण आहे की नाही, हे अशील स्वतः पाहू शकतो. दावा नोंदला गेला की त्याला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. रेल्वेच्या तिकिटाचा पीएनआर टाकल्यावर जशी गाडीतली जागा कळते, तसा हा क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की मागच्या तारखेला काय झाले, पुढची तारीख कधी आणि ती कशासाठी, हे घरबसल्या दिसते. म्हणून ठाण्याच्या बाईंनी वकिलाच्या ऑफिसातून उठताना वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: पहिले पाऊल कोणते आणि ते कोणत्या तारखेपर्यंत, आपण अजून कोणते कागद आणून द्यायचे, निरोपासाठी वकिलांना फोन कोणत्या वेळी करायचा, आणि दावा दाखल झाला की सीएनआर क्रमांक कोण, कधी कळवणार.